शब्दांची गोणी

आमच्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे, आणि त्या टेकडीच्या उतारावर जे वाटोळे दगड विखुरलेले दिसतात त्यांना भूगर्भशास्त्राचे जाणकार झिओलाइटच्या गाठी म्हणत असले, तरी गावाच्या दफ्तरी त्यांची नोंद निराळी आहे. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल गोण्यांत भरून इकडून चालले असता त्यांनी टेकडीवरच्या वृद्ध फकिराची टवाळी केली. तत्क्षणी साऱ्या मालाचे दगड झाले. पुढे त्यांनी पायांवर लोळण घेतली, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांचा नवा माल करून दिला. पण व्यापाऱ्यांचे मन व्यापारातून जे उठले ते उठलेच, आणि त्यांच्या कबरीही त्याच टेकडीवर झाल्या. ही कथा मी बालपणापासून ऐकत आलो. परंतु तिचा प्रत्यक्ष प्रयोग माझ्यावर होईल, आणि त्यासाठी मला बँकॉकपर्यंत जावे लागेल, अशी शंका मला कधी आली नव्हती.

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवून मी सेवानिवृत्त झालो, त्यास बरीच वर्षे लोटली. बँकॉकला नोकरीस असलेला पुतण्या आम्हां उभयतांस सारखी पत्रे धाडीत होता, आणि नोव्हेंबर 2023 पासून थायलंडच्या सरकारने भारतीयांस व्हिसाची माफी दिल्यावर तर नकाराची शेवटची सबबही संपली. सबब संपल्यावर कारकून तयारीस लागतो, तसा मी लागलो. एक वही घातली, तिच्यात रकाने आखले, आणि थाई भाषेने संस्कृतकडून जो माल घाऊक उचलला आहे त्याची तपशीलवार जंत्री केली. दूरध्वनीस तेथे ‘थोरसप’ म्हणजे दूरशब्द म्हणतात, बँकेस ‘थनाखान’ म्हणजे धनागार, घड्याळास ‘नालिका’, शिक्षकास ‘ख्रू’, म्हणजे आपले गुरुजी. वाहन म्हणजे ‘रोत’, तो आपला रथ, आणि आगीला ‘फाय’ म्हणत असल्यामुळे ‘रोतफाय’ ही शब्दशः आपली आगगाडी. स्वच्छतागृहास एक नाव ‘सुखा’ असे आहे, आणि परगावी गेलेला प्रौढ मनुष्य त्या दाराशी पोचला असता त्याच्या अंतःकरणात जी भावना दाटते तिला इतका प्रामाणिक शब्द आमच्या भाषेलाही सुचलेला नाही.

चाळीस पाने भरली तेव्हा माझी पक्की खात्री झाली, की आपण परदेशी चाललो नसून आजोळी चाललो आहोत. कुटुंबाने वही चाळून पाहिली आणि शेजारी शेवेचा डबा ठेवीत म्हटले, “हे वजन कायले नेता? डब्यात मावल तेवढंच घ्या ना जी!” मी गोणी उचलली ती अशी.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरताच समुद्रमंथनाचे भव्य शिल्प समोर आले. आमच्या तालुक्याचे नाव समुद्रपूर. तेथे समुद्राचा थेंब नाही, आणि येथे मात्र वासुकीची दोरी करून देव आणि असुर यांनी विमानतळातच क्षीरसागर घुसळायला घेतलेला! मी हर्षाने एका कर्मचाऱ्यास ‘सुवर्णभूमी’ असा शुद्ध उच्चार करून दाखविला. त्याने अत्यंत आदराने हात जोडले, आणि मी कोठल्या गावाची चौकशी करतो आहे हे त्यास मुळीच कळले नाही. त्या स्थळास तेथील लोक ‘सुवन्नफूम’ म्हणतात. थाई लेखनात संस्कृत शब्दाचे एकेक अक्षर इमानाने जपलेले असते. उच्चारात मात्र शेवटच्या ‘र’चा ‘न’ होतो, ‘स’चा ‘त’ होतो, आणि नगराचे ‘नखॉन’ व राजाचे ‘रात्’ होऊन जाते. महसुलाच्या नोकरीत अशी प्रकरणे मी शेकड्यांनी पाहिली होती. सातबाऱ्यावर नाव एकाचे, वहिवाट दुसऱ्याची! संस्कृताची मालकी कागदोपत्री शाबूत होती, पण प्रत्यक्ष कब्जा थाई जिभेचा होता, आणि असल्या दाव्यात कब्जेदार कधी हरत नाही, हे मला कोणी सांगायला नको होते.

त्या नगरीस बँकॉक म्हणतात ते आपण. तेथील प्रजा तिला ‘क्रुंग थेप’, म्हणजे देवांची नगरी म्हणते. तेही संक्षेपाने. चक्री वंशाच्या पहिल्या राम राजाने 1782 मध्ये येथे राजधानी वसविली, आणि तिचे जे समारंभी नाव आहे ते रोमन लिपीत 168 अक्षरांचे असून गिनेसच्या ग्रंथात जगातील सर्वांत लांब स्थळनाम म्हणून दाखल आहे. त्यात महानगर आहे, अमर आहे, महेंद्र आणि अयोध्या आहे, नवरत्ने आणि राजधानी आहे, राजनिवेश, महास्थान, विमान आणि अवतार आहेत, आणि शेवटी शक्राची आज्ञा व विश्वकर्म्याचे बांधकामही आहे. एवढे नाव आमच्या कचेरीतल्या कोठल्याही अर्जाच्या रकान्यात मावले नसते आणि ‘नाव अपूर्ण’ असा शेरा मारून तो परत गेला असता. मी मात्र ते पाठ केले. ज्या शहराचे पूर्ण नाव आपणांस मुखोद्गत आहे त्यात आपण हरवणे शक्य नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसऱ्याच दिवशी हिशेब चुकला. चौकात बसलेल्या चतुर्मुख ब्रह्मदेवाचे दर्शन घ्यावे, असे ठरले. आमचे बिऱ्हाड ‘असोक’ स्थानकाजवळ, म्हणजे साक्षात अशोकाच्या छायेत. 1999 मध्ये सुरू झालेली ती उंच खांबांवरून धावणारी गाडी आम्ही गाठली, आणि नकाशात ‘फ्रोम फोंग’ हे नाव दिसताच मी वही उघडली. ‘फ्रोम’ म्हणजे ब्रह्म आणि ‘फोंग’ म्हणजे वंश! ब्रह्मवंश स्थानकावर ब्रह्मदेव नसेल तर मग कोठे असेल? आम्ही तेथे उतरलो, आणि झगझगीत दुकानांच्या जंगलात दीड तास ब्रह्मदेव शोधीत हिंडलो. रात्री पुतण्याने खुलासा केला, की त्या ‘फ्रोम’चा अर्थ नुसता ‘तयार’ असा असून ब्रह्मदेवाचा ‘फ्रोम’ स्वराने निराळा. आणि ब्रह्मदेव राहतात ते चित लोम स्थानकापाशी, अगदी उलट्या दिशेस. थाई भाषेत एकाच अक्षराचे पाच स्वरांत पाच अर्थ होऊ शकतात. माझ्या चाळीस पानांच्या वहीत स्वराचा रकानाच नव्हता.

ब्रह्मदेव अखेर भेटले ते तिसऱ्या दिवशी. त्यांची हकीकत मोठी मासलेवाईक आहे. तेथे एक मोठे हॉटेल बांधणे चालले असता कामात विघ्नांवर विघ्ने येऊ लागली. ज्योतिषांस विचारणा झाली, आणि त्यांच्या सल्ल्यावरून नोव्हेंबर 1956 मध्ये या देवाची स्थापना झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात, 14 ऑक्टोबरला, आमच्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या मागोमाग लाखो माणसे बुद्धाला शरण गेली होती. इकडे हिंदूंच्या देशात बुद्ध परत येतो आणि महिन्याभरात तिकडे बुद्धाच्या देशात ब्रह्मदेवाची नेमणूक होते, या बदलीच्या हुकुमांवर कोणाची सही असावी, याचा विचार करीत मी उभा राहिलो. आपल्याकडे ब्रह्मदेवाचे देऊळ शोधायचे तर पुष्करची वाट धरावी लागते. बँकॉकात मात्र भर रहदारीत झेंडूच्या माळांखाली तो दिसेनासा झालेला, नवस फेडणारांसाठी नर्तकी नाचताहेत, आणि पुढ्यात लाकडी हत्तींची रांग. देवांनाही परमुलखात गेल्याखेरीज किंमत येत नाही, असे दिसते.

मोठ्या देवांची ही व्यवस्था. लहानांची त्याहून चोख. प्रत्येक घरापुढे आणि पेढीपुढे खांबावर एक चिमुकले देऊळ असते. जागेचा मूळ मालक जो भूमिदेव, त्यास इमारतीमुळे विस्थापित व्हावे लागले, म्हणून त्याला दिलेले ते पर्यायी निवासस्थान. पुनर्वसनाची इतकी तातडीची अंमलबजावणी मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिली नाही. त्याच्यापुढे रोज लाल रंगाच्या गोड सोड्याची बाटली ठेवतात. ठेवतात एवढेच नव्हे, तर बूच काढून आत नळीही खोचून ठेवतात, देवाची गैरसोय नको म्हणून. मला हसू आले. कुटुंबाने डोळे वटारले आणि म्हटले, “आपल्या मातामायले आपन नारळ फोडूनच देतो ना? का अख्खा देऊन म्हनतो, फोड तूच?” या युक्तिवादास उत्तर नव्हते. तिने दोन्ही हात जोडले आणि बाटलीकडे पाहून समाधानाने मान हलविली.

पत्ता हुडकण्यात तरी माझी सेवा उपयोगी पडेल, अशी उमेद होती. मोठ्या रस्त्यास जे फाटे फुटतात त्यांना ‘सोय’ म्हणतात, आणि हा शब्द मराठी माणसास फार फसवतो. सुखुम्वित रस्त्याच्या एका अंगास विषम अंकांच्या सोयी, दुसऱ्या अंगास सम अंकांच्या. परंतु 33 च्या समोर 34 असेल असे मानून जो रस्ता ओलांडतो त्याची मोठी गैरसोय होते, कारण दोन्ही बाजू आपापल्या चालीने मोजीत गेल्या आहेत आणि एकमेकींकडे वळून पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. घरांच्या क्रमांकांत तिरकी रेघ आढळली तेव्हा मात्र माझे डोळे पाणावले. मूळ जमिनीचे तुकडे पडले, की तिरक्या रेघेखाली नवा आकडा चढवायचा! हे तर आमचे पोटहिस्से. त्या एका रेघेपुरता मी बँकॉकचा रहिवासी झालो.

राजवाड्याकडे जायचे ते नावेने, असा कुटुंबाने आग्रह धरला. सेन सेप हा कालवा तिसऱ्या राम राजाच्या काळी, 1837 च्या सुमारास खणावयास घेतला, आणि रस्त्यांवर रथ तासन्‌तास अडकून पडतात तेव्हा त्याच्यातून लांबट नावा भरधाव सुटतात. धक्क्यास नाव लागते ती आमच्या फाट्यावर एस.टी. थांबते तितकीच, म्हणजे थांबल्यासारखी. मी पाटीवरचे धक्क्याचे नाव उकलीत होतो. नावेच्या काठावरून ओरड झाली, माणसे उतरली, माणसे चढली, आणि पाहतो तो कुटुंब नावेत आणि मी धक्क्यावर! “अवो, थे लिवलेलं सोडा नं उडी मारा!” अशी सायंकाळी म्हशी हाकताना देतात तशी हाक आली, आणि कोणातरी सद्‌गृहस्थाने माझे मनगट धरून मला आत ओढले.

मी काठावरच्या जागी बसलो. माझ्या हाताशी एक दोरी लोंबत होती. ती दोरी ओढली असता नावेच्या अंगाचा निळा पडदा वर चढतो, आणि समोरून दुसरी नाव आली की तो चढवणे हे दोरीजवळ बसणाराचे सार्वजनिक कर्तव्य असते, ही गोष्ट माझ्या वहीत नव्हती. समोरून नाव आली. तीन बाकांवरची माणसे माझ्याकडे पाहू लागली; तो आदर समजून मी नमस्कार केला; आणि पुढच्याच क्षणी कालव्याचे ते काळसर पाणी, ज्याला कोणत्याही शास्त्राने गंगोदक म्हटलेले नाही, आम्हां सर्वांवर समभावाने कोसळले. आता येथे भांडण होणार, म्हणून मी अंग चोरले. शेजारची वृद्धा रुमालाने तोंड पुसून म्हणाली, “माय पेन राय.” म्हणजे, काही हरकत नाही. मग तिने माझ्या हातावरून आपला हात लांबवून पडदा ओढला आणि पुढच्या चार धक्क्यांपर्यंत तो ओढण्याचे मला रीतसर शिक्षण दिले. डोक्याला शिरस्त्राण घालून नावेच्या बाहेरच्या काठावरून चालत येणाऱ्या वाहकबाईने दोन पातळ तिकिटे दिली. ती कुटुंबाने बटव्यात जपून ठेवली.

राजवाड्यापाशी एक टापटिपीच्या पोशाखातला गृहस्थ भेटला आणि अतिशय हळहळून म्हणाला, की आज वाडा बंद आहे. मात्र माझ्या ओळखीची तीनचाकी आहे, ती तुम्हांस स्वस्तात इतर देवळे दाखवील आणि वाटेत एका रत्नांच्या दुकानी नेईल. येथे मात्र माझा अनुभव फळास आला. कचेरीच्या दारात वडाखाली बसून “साहेब आज दौऱ्यावर आहेत, कागद माझ्याजवळ द्या,” असे खेडुतांस सांगणारी मूर्ती मी तीस वर्षे पाहिली होती. तिचा बंधू येथे स्थायिक झाला होता एवढेच. मी त्यास नमस्कार केला आणि सरळ दाराकडे गेलो. वाडा उघडा होता. संस्कृताने न दिलेला हात मला तहसिलीने दिला.

विजयाने माणूस माजतो. आमच्या भागास भिवापूर जवळ, आणि भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या मनुष्यास परदेशी तिखटाचे कौतुक ते काय असणार? कच्च्या पपईचे ‘सोम तम’ लाकडी मुसळाने कुटून देणाऱ्या बाईपुढे आम्ही उभे राहिलो. पुतण्याने चिठ्ठीवर ‘जे’ हे एकच अक्षर लिहून दिले होते, म्हणजे शाकाहारी. ते तिने वाचले. मग बोटभर लांबीच्या मिरच्या दाखवून किती घालू, असे तिने खुणेने विचारले. मी भिवापूरच्या अभिमानाने मोठ्याने हसलो, “हा! हा!” थाई भाषेत ‘हा’ म्हणजे पाच. बाईने एकदा माझ्याकडे, एकदा कुटुंबाकडे करुणेने पाहिले आणि मोजून दहा मिरच्या उखळात टाकल्या. त्यानंतर काही काळ मला तत्सम किंवा तद्भव कोणताच शब्द आठवला नाही. मिरची आपल्याकडे आणि त्यांच्याकडे दोन्हीकडे अमेरिकेहून आलेली पाहुणी. पण पाहुणी कोणाच्या घरी अधिक शेफारली, याचा निकाल त्या दिवशी लागला. बाईने न मागता बर्फाचे पाणी पुढे केले. त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी लुंफिनी बागेत, म्हणजे लुंबिनीत, मी जरा गुमसुम फिरत होतो. तेथील तळ्याच्या काठी चार-पाच हात लांबीच्या घोरपडी राजरोस हिंडतात. आमच्याकडे घोरपड म्हटली की तानाजी आठवतो. तेथे ती धावणाऱ्या मंडळींच्या पायांमधून दुकानात निघालेल्या गृहिणीसारखी शांतपणे जाते. सहा वाजले, ध्वनिक्षेपकातून राष्ट्रगीत सुरू झाले, आणि धावणारे, चालणारे, कुत्रा फिरवणारे, सारे जागच्या जागी उभे राहिले. पाच पावले टाकून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या अवघ्या बागेत आता दोनच प्राणी चालत आहेत, घोरपड आणि मी. मी थांबलो. घोरपड थांबली नाही. पण ती स्थानिक होती.

चाळीस पानांच्या वहीतला एकेक शब्द अशा रीतीने दगड होत गेला. पूर्वी भूमिदेवाच्या बाटलीस मी हसलो होतो. कोणत्या टेकडीवर आपण कोणाची टवाळी केली, हे मला आता उमगले. याच काळात कुटुंबाचा संसार मात्र वाढीस लागला होता. वडील बाईस ‘पा’, थोरल्यास ‘फी’ आणि धाकट्यास ‘नोंग’ म्हणतात, एवढी तीन नाती तिने पुतण्याकडून घेतली, बाकीचे सारे ती नागपुरी बोलीत बोलत असे, आणि तरीही फळवाली पिशवीत एक आंबा जास्त टाकी. “मावशी म्हनलं का मानूस वयखतेच,” असा तिचा सिद्धांत. जेवलात का, ही तेथील विचारपूस आणि आपली विचारपूस एकच, हे माझ्या जंत्रीत नव्हते. तिला ते दुसऱ्याच दिवशी कळले होते.

24 फेब्रुवारी 2024 ला माघी पौर्णिमा होती. तेथे तिला ‘माखा बुचा’ म्हणतात, ती माघपूजा. त्याच सुमारास भारतातून भगवान बुद्धांचे आणि सारिपुत्त-मोग्गल्लान या शिष्यांचे अस्थिअवशेष बँकॉकला दर्शनासाठी आले होते, आणि राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर लोकांची रीघ लागली होती. आम्हीही रांगेत उभे राहिलो. पुढच्या म्हातारीने आम्ही कोठले, असे विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच कुटुंबाने छातीवर हात ठेवून “नागपूर, दीक्षाभूमी, बुद्ध” असे तीन शब्द उच्चारले. ‘बुद्ध’ हा एकच तिला कळला असावा. तिने आम्हांस आपल्यापुढे उभे केले आणि मागच्यांस काही सांगितले, त्यात ‘खेक’ हा शब्द मला ऐकू आला. थाई भाषेत भारतीयास ‘खेक’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा असा आहे. हा शब्द संस्कृत नव्हे. माझ्या वहीत तो नव्हता.

गिरडला परतल्यावर मी टेकडी चढून गेलो, आणि खरे सांगायचे तर वही तेथेच ठेवून द्यावी असे मनात होते. पण दगडांची तेथे मुळीच वाण नाही, म्हणून परत आणली. कुटुंबाच्या बटव्यात नावेची ती दोन तिकिटे अजून आहेत, वाळून पानासारखी झालेली. शेजारपाजारच्या बायका आल्या की ती निघतात आणि त्यांतून तासभर पुरेल इतका माल बाहेर पडतो. माझ्या गोणीकडे कोणी फिरकत नाही. यास्तव, या मुलखातून कोणी बँकॉकास जाणार असेल त्यास एका निवृत्त कारकुनाची शिफारस अशी: वही घरी ठेवावी, मिरच्यांचा आकडा हसून नव्हे तर बोटांवर सांगावा, सहा वाजता आहात तेथे थांबावे, आणि नावेत दोरीजवळ जागा मिळाली तर पडदा वेळेवर ओढावा.